उंदराचं पोट, कुत्र्याचं पोट आणि आपली पित्ताची गोळी

"मॅडम, औषध डुप्लिकेट निघालं बघा."

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आमचे एक पेशंट समोर बसून हे म्हणाले आणि हातातली कॅरीबॅग त्यांनी टेबलावर रिकामी केली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) पंचेचाळिशीचे, द्राक्षबागायतदार, हिशोबाला पक्के. दोन महिन्यांत संपवलेली सगळी रिकामी पाकिटं त्यांनी जपून ठेवली होती, पुरावा म्हणून.

त्यांना गजकर्ण झालं होतं. जांघेत सुरू झालेलं कमरेपर्यंत चढलं होतं. मी इट्राकोनॅझोल नावाची कॅप्सूल दिली होती. महागाचं औषध आहे ते. दोन महिन्यांत कडा थोड्या फिकट झाल्या होत्या, पण खाज तशीच. गजकर्णाने कुणी मरत नाही, त्यामुळे लोक त्याला हसण्यावारी नेतात. पण या माणसाने सोयऱ्यांच्या घरी मुक्काम करणं सोडलं होतं, घरात टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं, आणि धाकटी मुलगी मांडीवर बसायला आली की ते उठून उभे राहायचे. हे त्यांनी मला खाली बघत सांगितलं.

औषध डुप्लिकेट नव्हतं. बिल होतं, कंपनी माहितीची होती. डोस बरोबर, रोज घेत होते. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची क्रीम लावत नव्हते. घरातल्यांना तपासून झालं होतं. मी पाकिटं चाळत होते, तेवढ्यात त्यांत एक वेगळंच पाकीट हाताला लागलं. पॅन्टोप्राझोल. अर्धं वापरलेलं.

"ही कशाला घेता?"

"ती व्हय? तुमचीच की ती. गुडघ्याला दिलेली. सकाळी उठल्या उठल्या घेतो, पोट हलकं राहतंय."

फाइल काढली. दीड वर्षापूर्वीची चिठ्ठी, अक्षर माझंच. गुडघेदुखीसाठी सात दिवसांची वेदनाशामक गोळी आणि तिच्याबरोबर पोटाला त्रास नको म्हणून पॅन्टोप्राझोल, तीही सातच दिवस. वेदनाशामक त्यांनी सातव्या दिवशी बंद केली. पित्ताची गोळी दीड वर्ष चालू ठेवली. मेडिकलवाला देत होता, हे घेत होते, आणि इट्राकोनॅझोल लिहून देताना "दुसरं काही औषध चालू आहे का?" या माझ्या प्रश्नाला त्यांनी "काही नाही" असं उत्तर दिलं होतं. खोटं बोलले नव्हते. पित्ताच्या गोळीला आपल्याकडे औषध कोण म्हणतं?

मला त्या दिवशी जास्तच ओशाळल्यासारखं झालं, कारण याच विषयात मी माझ्या उमेदीची तीन वर्षं घालवली आहेत.

दवाखाना काढण्याआधी मी फार्माकॉलॉजीत एम.डी. केलं. माझा प्रबंध उंदराच्या जठरातल्या आम्लावर होता. त्या काळी सगळीकडे होणारा तो प्रयोग, १९४५ साली शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला. पांढऱ्या उंदराला उपाशी ठेवायचं, भूल द्यायची, जठराचं आतड्याकडे उघडणारं तोंड दोऱ्याने बांधायचं, चार तासांनी आत साठलेला रस काढायचा आणि त्यातलं आम्ल मोजायचं. रसात दर्शकाचे दोन थेंब टाकले की तो लाल व्हायचा, मग ब्यूरेटमधून थेंब थेंब कॉस्टिक सोडा सोडत लाल रंग पिवळा कधी होतो ते बघत बसायचं. शाळेतल्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलसारखंच, फक्त वास वेगळा. आता एम.बी.बी.एस.च्या मुलांना हे प्राण्यांवर शिकवत नाहीत, संगणकावर दाखवतात. तेच बरं आहे.

आमच्या प्रयोगशाळेतला शिपाई एक गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी बजावायचा: उपाशी उंदीर तारेच्या जाळीवरच ठेवायचा. साध्या पिंजऱ्यात ठेवला तर तो स्वतःची लेंडी खातो, मग कसलं उपाशी पोट! औषध दिलेला उंदीर असेल तर लेंडीतून बाहेर पडलेलं औषध पुन्हा पोटात जातं आणि सगळं गणित चुकतं. उंदराच्या आणखीही तऱ्हा आहेत. त्याला उलटी होत नाही. त्याला पित्ताशय नसतं, त्यामुळे पित्तरस साठून न राहता सारखा आतड्यात झिरपत असतो. त्याच्या जठराचा पुढचा भाग नुसता कोठारासारखा असतो, तिथे आम्ल तयारच होत नाही. आणि आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्याचं पोट आपल्याइतकं आंबट नसतं.

आंबटपणा मोजायला आपल्याकडे सामू हा शब्द आहे. शेतकऱ्यांना तो माती परीक्षणाच्या कागदावरून पाठ असतो. सामू ७ म्हणजे ना आंबट ना खारट, साधं पाणी. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. यात एक मेख आहे: एक अंक खाली गेला की आम्ल दहापट होतं. निरोगी माणसाच्या उपाशी जठराचा सामू १.७ च्या आसपास असतो. उपाशी उंदराचा साधारण ४. आकडे जवळजवळ वाटतात, पण हिशोब केला तर आपलं पोट उंदराच्या पोटापेक्षा सुमारे २०० पट आंबट निघतं.

कुत्र्याचं तर आणखी वेगळं. नवं औषध माणसाला देण्याआधी बऱ्याचदा ते बीगल जातीच्या कुत्र्यांना देऊन बघतात. आकाराने बरे, स्वभावाने गरीब, माणसासाठी बनवलेली अख्खी गोळी गिळू शकतात. पण कुत्रा हा मुळात शिकार मिळेल तेव्हा खाणारा प्राणी. पोटात मांस पडलं की त्याचं जठर आपल्यापेक्षाही जोरात आम्ल सोडतं. उपाशी असताना मात्र जवळजवळ बंद असतं. उपाशी कुत्र्याच्या जठराचा सामू कधी २ भरतो, तर कधी ६ किंवा ७. दोन कुत्र्यांत फरक पडतो, एकाच कुत्र्यात आज आणि उद्यात फरक पडतो. सामू ६ असला तर आपलं पोट त्याच्यापेक्षा वीस हजार पट आंबट झालं. आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून वरून खास लेप दिलेली गोळी अशा कुत्र्याच्या जठरातच विरघळू शकते, कारण त्या लेपाला वाटतं आतडं आलं.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याचं पोट आंबट असो की गोड, गजकर्णाशी त्याचा काय संबंध?

न्हाणीघरातल्या बादलीला बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसतो, तो आठवा. नुसतं पाणी कितीही ओता, निघत नाही. लिंबाची फोड चोळली की फसफसून सुटतो. बऱ्याच औषधांचं असंच आहे. ती स्वभावाने आम्लारीच्या बाजूची, म्हणजे सौम्य बेसिक असतात. आम्लात त्यांच्या कणांवर विद्युतभार येतो आणि ती पाण्यात मिसळतात. आम्ल नसलं की खडूच्या पुडीसारखी तशीच पडून राहतात. आणि न विरघळलेलं औषध आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाऊ शकत नाही. ते आलं तसं शौचावाटे निघून जातं. म्हणजे गोळी गिळली, पैसे गेले, पण शरीराच्या दृष्टीने ती घेतलीच नाही.

आता औषध कंपनीतल्या संशोधकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. असं बेसिक औषध तुम्ही सहा उपाशी कुत्र्यांना दिलं. दोघांच्या रक्तात भरपूर सापडलं, चौघांच्या रक्तात नावाला. औषध वाईट आहे, की कुत्र्यांची पोटं त्या दिवशी आंबट नव्हती? कळायला मार्ग नाही. चांगलं औषध याच कारणाने कचऱ्यात जाऊ शकतं. म्हणून एक युक्ती काढली गेली. औषध देण्याआधी कुत्र्याला पेन्टागॅस्ट्रिनचं इंजेक्शन द्यायचं. जेवताना जठराला "आम्ल सोड" असा निरोप देणारं गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक आपल्या शरीरात असतं, त्याचाच हा छोटा कृत्रिम तुकडा. इंजेक्शननंतर थोड्या वेळात कुत्र्याचं उपाशी पोट माणसाच्या पोटाइतकं आंबट होतं. मग औषध द्यायचं.

याच्या उलटही करतात. त्याच कुत्र्यांना दुसऱ्या खेपेला फॅमोटिडीन देतात, म्हणजे आपल्याकडे मिळते तीच पित्ताची गोळी, आणि पोटातलं आम्ल घालवून टाकतात. मग तेच औषध, तोच डोस. दोन्ही वेळचं रक्त तपासलं की सरळ दिसतं, आम्ल नसेल तर या औषधाचं काय होतं. किटोकोनॅझोल या बुरशीवरच्या जुन्या औषधाचा असा प्रयोग झालेला आहे आणि आंबट पोटाच्या व बिनआम्लाच्या पोटाच्या कुत्र्यांमधला फरक कित्येक पटींचा होता. माझे पेशंट म्हणजे बिचारे फॅमोटिडीनवाल्या गटातले. फक्त त्यांच्यावर प्रयोग चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही.

माणसांत हे आधीच दिसून गेलं होतं. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांना तोंडातल्या, अन्ननलिकेतल्या बुरशीसाठी किटोकोनॅझोल द्यायचे. काही जणांना त्याचा उपयोगच होईना. तपासल्यावर कळलं की त्यांच्या जठरात आम्लच पुरेसं बनत नव्हतं. तेच औषध त्यांना पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर दिलं, तेव्हा ते रक्तात नीट पोहोचलं. इट्राकोनॅझोल हा त्याच घराण्यातला धाकटा भाऊ आणि विरघळण्याच्या बाबतीत थोरल्यापेक्षाही हट्टी. ओमेप्राझोल चालू असलेल्या माणसाने इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल घेतली, तर रक्तात पोहोचणारं औषध जवळपास दोन तृतीयांशाने घटतं. थोडक्यात, माझ्या पेशंटने तीन महिने कॅप्सूल खाल्ल्या असत्या तरी शरीराला एका महिन्याच्याच मिळाल्या असत्या.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपलं आम्ल दाबणाऱ्या या गोळ्या आल्या कुठून? उंदराच्याच पोटातून. एम. एन. घोष हे भारतीय शास्त्रज्ञ लंडनला शिल्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. भूल दिलेल्या उंदराच्या जठरातून सतत द्रव वाहता ठेवून आम्ल किती सुटतंय याची क्षणाक्षणाची नोंद घेण्याची पद्धत त्या दोघांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. घोष सर पुढे पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये प्राध्यापक झाले; त्यांचं प्रायोगिक औषधशास्त्राचं पुस्तक वाचल्याशिवाय आमच्यापैकी कुणी एम.डी. झालेलं नाही. त्यांच्या त्याच पद्धतीचा उपयोग करून जेम्स ब्लॅक यांनी हिस्टामिनचा आम्लावरचा परिणाम रोखणारी औषधं शोधली. १९७६ साली सिमेटिडीन बाजारात आलं, १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल मिळालं. तोपर्यंत अल्सर म्हटला की पुष्कळदा ऑपरेशन असायचं. त्या गोळीने किती जणांची पोटं कापायची वाचवली असतील!

मग ओमेप्राझोल आलं आणि उंदराने सगळ्यांना घाबरवलं. जन्मभर मोठे डोस दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी आढळल्या, आणि १९८४ साली माणसांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. आम्ल पूर्ण बंद झालं की शरीर गॅस्ट्रिन वाढवतं, आणि उंदराच्या जठरातल्या काही पेशी त्या गॅस्ट्रिनला फारच जोरात प्रतिसाद देतात, असा त्याचा उलगडा झाला. माणसाचं तसं होत नाही हे बघून काम पुन्हा सुरू झालं. उंदराचं ऐकावं, पण तो उंदीर आहे हे विसरू नये, असं आमचे सर म्हणायचे. मी मात्र उंदीर लक्षात ठेवला आणि समोरच्या माणसाला विचारायचं विसरले.

तर माझ्या पेशंटला हे सगळं कसं सांगायचं? सामू म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"फवारणीच्या पाण्याचा बघतो तसंच की मॅडम. पाण्याचा सामू जास्त असला की औषध लागू पडत नाही. सायट्रिक अ‍ॅसिड घालावं लागतं."

फवारणीत बऱ्याचदा कारण वेगळं असतं, तिथे औषध खाऱ्या पाण्यात फुटून वाया जातं. पण त्यांच्याच रानात याहून जवळचं उदाहरण होतं. चुनखडीच्या जमिनीत वेलीवर केवडा पडतो, पानं पिवळी होतात. जमिनीत लोह नसतं का? असतं. सामू जास्त असल्यामुळे ते विरघळत नाही, मुळांना उचलता येत नाही. "तुमच्या पोटाची जमीन गोळीने चुनखडीची झालीये," असं मी म्हणाले आणि दोघेही हसलो.

मग त्यांनी अगदी रास्त शंका काढली. "पण पित्ताची सकाळी घेतो आणि गजकर्णाची रात्री जेवल्यावर. बारा तासांचं अंतर आहे की."

ही शंका बऱ्याच जणांच्या मनात येते, म्हणून इथे नीट सांगते. पाण्यात विरघळणारी इनोसारखी पुडी किंवा गुलाबी अँटासिड हे पोटात आधीच असलेलं आम्ल मारतं आणि थोड्या वेळात त्याचं काम संपतं. तिथे दोन औषधांमध्ये अंतर ठेवून भागतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, म्हणजे नावाच्या शेवटी "प्राझोल" असलेल्या गोळ्या वेगळ्या. त्या जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पंपांनाच कुलूप लावतात. गोळी स्वतः काही तासांत रक्तातून निघून जाते, कुलूप तसंच राहतं. शरीराने नवे पंप बनवेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, आम्ल कमीच. रोज एक गोळी म्हणजे रोज नवं कुलूप. बारा तासांनी काय होणार!

परदेशात अशा रुग्णाला इट्राकोनॅझोल कोलाच्या बाटलीबरोबर घ्यायला सांगतात, हे खरं आहे. कोल्याचा सामू अडीचच्या आसपास असतो, तेवढ्यापुरतं उसनं आम्ल मिळतं आणि त्याचा फायदा होतो हे अभ्यासांतही दिसलंय. पण आमच्या भागात निम्म्या घरांत साखरेचा पेशंट आहे, तिथे मी रोज कोला प्यायला कशी सांगू? ज्यांना पित्ताची गोळी खरोखर हवीच आहे त्यांच्यासाठी इट्राकोनॅझोलचा आम्लावर कमी अवलंबून असलेला प्रकारही आता मिळतो, किंवा औषधच बदलता येतं. ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

यांना मात्र पित्ताच्या गोळीची गरजच उरली नव्हती. अल्सर नाही, रक्त पातळ करणारं औषध नाही, वेदनाशामक केव्हाच बंद. तरीही दीड वर्षाची गोळी एका दिवसात तोडली की बंद पडलेलं जठर उसळून आम्ल सोडतं आणि माणूस "बघा, मला ही गोळी लागतेच" असं म्हणून पुन्हा सुरू करतो. निरोगी माणसांनी काही आठवडे गोळी घेऊन सोडली तरी हे होतं. म्हणून आम्ही दिवसाआड करत करत बंद केली. मधले दहा-बारा दिवस छातीत जळजळ झाली, फोनवर दोनदा मला ऐकून घ्यावं लागलं.

हे वाचून कुणी आपली पित्ताची गोळी परस्पर बंद करू नका. ज्यांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा तत्सम गोळ्या चालू आहेत, ज्यांच्या पोटातून पूर्वी रक्तस्राव झालाय, अशा लोकांचा जीव ही गोळी वाचवते. माझं म्हणणं एवढंच, की डॉक्टरांनी "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं की तिचंही नाव घ्या. गजकर्ण लांबलं तर फार तर खाज लांबते. पण रक्ताच्या कर्करोगातलं डॅसाटिनिब, एच.आय.व्ही.वरचं रिल्पिव्हिरिन किंवा अ‍ॅटाझानाव्हिर ही औषधंही विरघळायला आम्लच मागतात, आणि तिथे औषध कमी पोहोचलं तर काय होतं ते सांगायला नको. डॅसाटिनिब तर आदल्या रात्री फॅमोटिडीन घेतलं तरी रक्तात निम्म्याहून कमी पोहोचतं.

इट्राकोनॅझोल पुन्हा सुरू केलं, रात्री पोटभर जेवण झाल्या झाल्या. सहा आठवड्यांनी ते आले तेव्हा कंबर स्वच्छ होती, जांघेत काळसर डाग तेवढे राहिले होते. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे मी स्वतःला बजावत असते. गजकर्ण हल्ली अनेक कारणांनी चिवट झालंय. बुरशीच काही औषधांना दाद देत नाही, आणि छाटणीनंतर पाऊस थांबून घाम कमी झाला त्याचाही हातभार लागला असेल. पण मुलगी मांडीवर बसते आता, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

त्या दिवशी येताना त्यांनी आणखी एक कॅरीबॅग आणली होती. आईची. "हिची थायरॉइडची गोळी वाढवत वाढवत चाललेत, तरी रिपोर्ट काय खाली येईना. तेवढं बघा." मी पिशवी ओतली. थायरॉइडची गोळी होती, लोहाची होती, आणि पित्ताच्या दोन होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या. त्यातली एक चिठ्ठी पुन्हा माझीच होती.